‘पडतो’ या शब्दावरून झालेलं भांडण

विज्ञानाच्या त्या सरांचं आणि माझं पहिल्या भेटीपासून जमलं नाही, आणि आता जमवायची माझी इच्छाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं लिहिलं तर नवल वाटायला नको. वाकडंच लिहिणार आहे.

पहिली भेट पालकसभेत झाली. मुलगा कामाला बाहेरगावी, सून कंपनीत पहिल्या पाळीला, म्हणून नातीच्या शाळेत मी गेले. नात नववीत. शाळा केडगावातच, घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला ऐकायला जरा कमी येतं, म्हणून पुढच्या बाकावर बसले. सर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आजी, तुम्ही मागं बसा. पुढं पालकांना बसू द्या.”

मी म्हणलं, “मग मी कोन हाय?”

“तसं नव्हे हो. शिकलेले पालक पुढं असले म्हणजे बरं. काही सांगितलं तर समजायला पाहिजे ना!”

मागे दोघी-तिघी हसल्या. मी काही उठले नाही. सभा संपेपर्यंत त्यांच्या नाकासमोर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी काय सांगितलं, ते मात्र रागामुळे एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, हेही खरं.

शिकलेली म्हणाल, तर मी चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी. माझे वडील धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीतले. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी ‘का’ विचारायचं, एवढं एकच ते आम्हाला सांगत राहायचे. लग्न होऊन इकडे आल्यावर विहाराच्या बाजूच्या खोलीत वाचनालय होतं, तिथली पुस्तकं मी एकेक करून संपवली. समजली ती समजली, नाही समजली ती पुन्हा आणली. पुढे मुलांची क्रमिक पुस्तकं, आता नातीची. नात अभ्यासाला बसली की मी समोर निवडायला काहीतरी घेऊन बसते, आणि तिचं पुस्तक उलटीकडून वाचते. उलटी अक्षरं वाचायची मला इतकी सवय झालीय की सरळ धरलं तर चुकल्यासारखं वाटतं.

तर झालं असं, की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नातीने विषय घेतला: उपग्रह पृथ्वीभोवती फिरत कसा राहतो. मला म्हणाली, “आजी, सगळे पुठ्ठ्याचं रॉकेट करतात. मला काहीतरी वेगळं पाहिजे.”

मी म्हणलं, “गोफण घे की.”

“गोफण म्हणजे?”

बघा आता. पाखरं राखण्यात माझं अख्खं लहानपण गेलं आणि माझ्या नातीला गोफण माहीत नाही. 

आमचं माहेर मिरजगावच्या अंगाला. सगळी जिराईत, ज्वारीचा मुलूख. कणसात दाणे भरायला लागले की पाखरांचे थवे उतरतात. तेव्हा रानात उंच माळा बांधायचा आणि त्यावर उभं राहून दिवसभर गोफण चालवायची. ताग नाहीतर सुताची विणलेली दोरी, मधे दगड ठेवायला रुंद पट्टी. दोरीच्या एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक त्याच हाताच्या मुठीत धरायचं, डोक्यावर गरगर फिरवायची आणि मुठीतलं टोक सोडायचं. दगड सुटतो. शाळा सोडून मी या कामाला लागले, दुसऱ्याच्या रानात.

पहिल्याच हंगामात माझ्या हातून माठ फुटला. पाखरं समोर होती, म्हणून दगड फिरत समोर आला तशी मी दोरी सोडली. दगड समोर गेलाच नाही. डावीकडे गेला, बांधावरच्या चिंचेखाली मालकीणबाईंचा पिण्याच्या पाण्याचा माठ होता, त्यावर. त्या माठाला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. आम्हाला पाणी वरून ओतायचे. ज्या माठाला माझा हात चालत नव्हता, त्याला माझा दगड चालला. मालकीणबाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. “डोळे फुटले का गं तुझे?” हे त्यातलं सगळ्यात मऊ.

आई शेजारच्या माळ्यावर होती. ती संध्याकाळी घरी जाताना म्हणाली, “दगूड समोर आल्यावर सोडू नगंस. खांद्यापशी आला की सोड. त्येचं त्वांड जिकडं आसंल तिकडंच त्यो जातो.”

दगडाला तोंड असतं हे मला तेव्हा कळलं. फिरताना ते तोंड क्षणाक्षणाला वळत असतं, कारण दोरी त्याला वळवते. दोरी सुटली की त्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडे तो सरळ निघतो. बाहेर फेकला जात नाही, की आत येत नाही. सरळ जातो.

नातीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “आजी, सरळच जात राहायची जी खोड, त्याला जडत्व म्हणतात. आणि दोरीच्या जागी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण.” मी म्हणलं, तेच ते.

मग वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलेलं मी तिला आपल्या गावांवर बसवून सांगितलं. नगरजवळच्या डोंगरावर तो तीन मजली महाल आहे ना, त्याच्या टोकावर उभं राहून समोर आडवा दगड मारायचा. हळू मारला तर पायथ्याला पडेल. जोरात मारला तर रुईछत्तीशीला. आणखी जोरात, मिरजगावच्या बाजारात. आणखी, तर सोलापूरच्या पलीकडे. पण पृथ्वी गोल. लांब जावं तशी जमीन खाली वाकत जाते. हवेचा अडथळा नाही असं धरलं आणि पुरेसा वेग दिला, तर दगड जेवढा खाली पडेल तेवढीच जमीनही खाली वाकलेली असेल. पडतोय, पडतोय, पण जमीन काही सापडत नाही. असा पडत पडत सगळ्या पृथ्वीला वळसा घालून येईल आणि तुमच्याच पाठीत बसेल.

नात इतकी हसली! आणि तक्त्यावर मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं: ‘उपग्रह सतत पृथ्वीकडे पडत असतो. पुढे जायच्या वेगामुळे तो जमिनीला चुकत राहतो.’ खाली मी विणून दिलेली छोटी गोफण बांधली.

दुसऱ्या दिवशी तक्ता घरी आला तो ‘पडत’ या शब्दावर लाल रेघ घेऊन. वर सरांच्या अक्षरात ‘फिरत’.

“सर म्हणाले, उमेदवार निवडणुकीत पडतात, पोरं परीक्षेत पडतात. उपग्रह पडला तर पेपरात बातमी येते.”

“मग तू काय म्हणलीस?”

“मी म्हणाले, चंद्रपण पडतोय. सगळा वर्ग हसला.”

तिने पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, लाल रेघेवर चिकटवली आणि तोच शब्द पुन्हा लिहिला. सरांनी पुन्हा खोडलं. तिने पुन्हा पट्टी लावली. तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा सर म्हणाले, हे वाक्य असेल तर अर्जावर माझी सही मिळणार नाही. शनिवारी सकाळी अर्ज जाणार होते. सही नाही म्हणजे नात प्रदर्शनाला नाही. शिवाय गोफणीवरही बोलले. म्हणाले, “पाखरं हाकायचं साधन आहे हे. विज्ञान प्रदर्शन आहे, कृषी प्रदर्शन नव्हे.”

सून म्हणाली, “एका शब्दासाठी कशाला हट्ट? लिही फिरतो, फिरतोच की तो.” तिचंही चुकीचं नव्हतं. पण नात तिसरी पट्टी कापत बसली होती, आणि तिच्या कात्रीचा आवाज ऐकूनच मला कळलं की ही काही बदलायची नाही.

खरं सांगू? मीच घाबरले होते. वाक्य माझ्या तोंडून निघालेलं. मी चौथी पास, समोर पदवीधर माणूस. उद्या माझंच चुकलं असेल तर पोरगी माझ्यापायी बुडणार. दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी मोठी गोफण काढली, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या मोकळ्या रानात गेले आणि ढेकळं घालून मारत बसले. इतक्या वर्षांनी खांदा कुरकुरला. पण ढेकूळ समोर आल्यावर सोडलं की डावीकडे, खांद्यापाशी सोडलं की समोर. एकदाही उलटं झालं नाही. गुरं चारणारा एक म्हातारा लांबून ओरडला, “ओ मावशी, पाखरं कुठायत?” मी म्हणलं, “शाळेत हायत.”

शुक्रवारी मधल्या सुट्टीच्या जरा आधी, मोठी गोफण आणि थोडी ढेकळं पिशवीत घालून मी शाळेत गेले. सर व्हरांड्यातच भेटले. मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, त्याही खुर्ची टाकून बसल्या होत्या. नात तक्ता धरून उभी.

“आजी, तुम्ही का त्रास घेतला?” सर म्हणाले. त्रास या शब्दावर असा जोर दिला की बसायला खुर्ची देणार नाहीत हे कळावं.

“ह्ये ‘पडतो’ का खोडलंत, त्ये इचाराया आले.”

“कारण ते चूक आहे. सोपं करून सांगतो. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, केंद्रोत्सारी बल बाहेर ओढतं. दोन्ही सारखी, म्हणून उपग्रह मधे राहतो. रस्सीखेचीसारखं. समजलं?”

“रस्सीखेचीत दोनी बाजू सारख्या आसल्या तर दोरी कुठं जाती?”

“कुठंच जात नाही. तेच म्हणतोय मी.”

“मंग ह्यो उपग्रह गोल कसा वळतोय? कुनी जादा वढल्याबिगर कोन वळतं का?”

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. सरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, “आजी, बाहेरचा जोर असतो म्हणून तर तुमच्या गोफणीतला दगड बाहेर जातो. दगड हाताच्या समोर असताना सोडा, तो समोरच जाणार, हातापासून सरळ बाहेर. शेंबड्या पोराला कळेल.”

“न्हाई जानार.”

“जाणार.”

“चला की मंग मैदानात,” मी म्हणलं.

आता इथे माझी चूक झाली, आणि अशी चूक गोफण मारणारीच करू शकते. सरांनी मैदानात माझ्यासमोर वीसेक पावलांवर एक रंगाची रिकामी बादली ठेवली. बघायला बाहेर आलेल्या सगळ्या वर्गाला मागच्या भिंतीला उभं केलं. मी वाळलेलं ढेकूळ घातलं, गोफण फिरवली. बादली दिसली आणि माझ्या हाताला फक्त बादली कळाली. हाताने आपलं काम केलं. खांद्यापाशी आल्यावर सोडलं, ढेकूळ सुसाट समोर गेलं आणि बादली खणकन आडवी!

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही येडी, छाती फुगवून उभी.

“बघा!” सर ओरडले. “समोरच गेलं! मी काय म्हणत होतो? बघितलंत ना, मोठ्या बाई?”

माझी छाती तिथेच बसली. नात माझ्याजवळ आली आणि दातओठ खात म्हणाली, “आजी, तुला नेम कोणी धरायला सांगितला होता? खांद्याजवळ सोडलंस तू!”

“आगं, हाताला सवय...”

“अर्ज गेला माझा तुझ्या सवयीत.”

एवढं तुटक ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी पुन्हा मारते म्हणाले, तर सर म्हणाले, “नको, एकदा झालं ते पुरे. आता हात मुद्दाम वाकडा कराल.” आणि मैदानातून चालायला लागले.

तेव्हा नातच पुढे झाली. “सर, मग तुम्ही मारा. तुमचा हात तर वाकडा नाही ना! दगड बादलीसमोर आला की मी ‘आता’ म्हणते, तुम्ही सोडा.”

नाही म्हणायची सोय राहिली नाही. सगळा वर्ग बघत होता, मोठ्या बाई व्हरांड्याच्या पायरीवर येऊन उभ्या. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. त्यांच्या बोटात मी फास अडकवून दिला. हात गार होता. मी म्हणलं, “हळू फिरवा, सर. डोक्याला लागंल.” हे मात्र मी मनापासून म्हणाले होते.

फिरवली. एक फेरा, दोन, तीन. “आता!” नात ओरडली.

बादली जागच्या जागी. डावीकडे खिचडी शिजवायची पत्र्याची शेड आहे, तिच्यावर धाडकन आवाज झाला आणि धुरळा उडाला.

“गोफण तिरकी विणलीय,” सर म्हणाले.

“आता ह्याच गोफणीनं बादली पाडली की मी,” मी म्हणलं.

दुसरं ढेकूळ. “आता!” पुन्हा पत्रा. तिसऱ्याला तर सरांनी अंग उजवीकडे ओढून बघितलं, तरी पत्राच. तेवढ्यात शेडमधून स्वयंपाकाच्या ताई डाव हातात घेऊन बाहेर आल्या. “कोन हाय रं त्यो? पातेल्यात माती पडली की, मेल्या!” मग सर दिसले. तोंडावर पदर धरून त्या आत पळाल्या, पण आत गेल्यावर त्यांचं हसू पत्र्यातून सगळ्यांना ऐकू आलं.

मोठ्या बाई खाली उतरल्या, तक्ता हातात घेतला, वाक्य दोनदा वाचलं. म्हणाल्या, “डावीकडे का गेलं, सर?”

“ते... तांत्रिक आहे.”

“मॅडम, मी सांगू?” नात म्हणाली. “बाहेर ओढणारं काही नसतंच. समोर आल्यावर दगडाची दिशा डावीकडे असते. दोरी सुटली, म्हणून तो त्याच दिशेने सरळ गेला. दोरी असती तर आत वळला असता. उपग्रहाची दोरी कधी सुटत नाही, म्हणून तो आत वळतच राहतो. आत वळतच राहणं म्हणजेच पडत राहणं.”

मोठ्या बाई सरांना एवढंच म्हणाल्या, “अर्जावर सही करून टाका.”

सरांनी सही केली. कागदाकडे न बघता, व्हरांड्याच्या खांबावर अर्ज टेकवून. जाताना मला म्हणाले, “आजी, शाळेत पुन्हा दगडधोंडे आणू नका.”

मी म्हणलं, “ढेकूळ हुतं त्ये. दगूड न्हाई आनला, तुमचं नशीब.” म्हणायला नको होतं. पण म्हणाले.

प्रदर्शनाला मी गेले. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’च ओरडतो. मंडपात जाऊन बघते तर नातीच्या टेबलापाशी सर उभे, इस्त्रीचा शर्ट, छातीवर मार्गदर्शक शिक्षकाचा बिल्ला. समोर दोन परीक्षक. आणि सर हात हलवून सांगत होते, “उपग्रह मुळात सतत पडत असतो, सर. पण जमिनीला चुकत राहतो. ही मूळ कल्पना मुलांच्या गळी उतरवायला फार वेळ द्यावा लागला.”

माझ्या अंगाचा असा भडका उडाला! हातातली पिशवी मी खाली ठेवली. पुढे जाऊन चार शब्द सुनवायचेच होते. पण नातीने मला बघितलं आणि मान किंचित हलवली. नको. मी थांबले. माझ्या आयुष्यात मी फार वेळा थांबलेली नाही.

त्या दोघांतल्या वयस्कर परीक्षकांनी चष्मा वर केला आणि तक्त्यावरून बोट फिरवलं. ‘पडत’ या शब्दापाशी ते बोट थांबलं. तिथे कागद फुगून वर आला होता.

“एवढा जाड का झालाय इथे? काय चिकटवलंय?”

सर म्हणाले, “शुद्धलेखनाची जरा दुरुस्ती...”

“नाही सर,” नात म्हणाली. तिने नखाने पट्टीचा कोपरा उचलला. खाली लाल रेघ. ती पट्टी उचलली, खाली आणखी एक लाल रेघ. तिसरी उचलली, खाली तिसरी. “शब्द बरोबर होता. आमच्या सरांनी तीनदा खोडला होता.”

परीक्षकांनी एकदा रेघांकडे बघितलं, एकदा बिल्ल्याकडे. मग खाली वाकून ते नातीला म्हणाले, “ही गोफण कुणी विणली?”

“माझ्या आजीने. ती तिथे उभी आहे.”

सर माझ्याकडे वळले नाहीत. बिल्ला सरळ असूनही तो सरळ करत राहिले.

नंबर काही आला नाही, पुठ्ठ्याच्या रॉकेटला आला. तक्ता आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. उचललेल्या पट्ट्या नातीने पुन्हा चिकटवू दिल्या नाहीत. गोफण मी खिळ्याला लावलीय. परवा पालकसभेची चिठ्ठी आलीय, आणि मी पुढच्या बाकावर बसणार आहे.